आम्ही घरी नाही

१

शेवटच्या खोलीतून ताईचा आवाज कुणीतरी काढून टाकला होता.

कळलं ते मामांना. बुधवारी खेळ बाहेर पडायचा होता. सोमवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन, सगळं नीट आहे ना म्हणून, पहिल्यापासून खेळत बसले. सहा खोल्या ठीक गेल्या. सातवीत शिरले आणि ओरडले, "अरे, हे काय? कुणी केलं हे?"

सगळे धावले. ऑफिस म्हणजे तरी काय, एक लांबट हॉल, चार टेबलं, आणि आवाजाच्या कामासाठी फळ्या ठोकून केलेली एक कोंदट खोली. पडद्यावर काळोख होता. त्यात पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ:

आम्ही घरी नाही. नंतर या.

ताई खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "माझं बोलणं कुठंय?"

या खेळात मारामारी नव्हती, गुण नव्हते, हरणं-जिंकणं नव्हतं. एक रिकामं घर होतं. खेळणारा एकेक दार उघडत पुढं जाई आणि ताईचा आवाज त्याच्या कानाशी त्या घराबद्दल बोलत राही. घर बांधलं होतं ताईच्या धाकट्या भावानं. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. खोल्या मागं राहिल्या. त्यांचा अर्थ काय, हे तो कुणालाच सांगून गेला नाही. ताईनं तो शोधला, लिहिला, स्वतःच्या आवाजात बोलून ठेवला. नमुन्यादाखल खेळ ज्यांना दिला होता, ते सगळे सातव्या खोलीत रडले होते. आता तिथं ही थट्टा.

"मेलेल्या माणसाची चेष्टा," ताई म्हणाली. "घरी नाही म्हणे!"

"बदल काल झालाय," मामा म्हणाले. "रविवारी. कानसेनच्या कॉम्प्युटरवरून."

आवाजाचं काम बघणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. त्यानं हात वर केले. "माझा पासवर्ड माझ्याच पडद्याला चिकटवलेला आहे, मामा. झाडूवाल्या मावशींनासुद्धा पाठ झालाय."

मामांनी चष्मा काढला आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडं वळून पाहिलं. तिथं भाषांतरकार बाई बसल्या होत्या. खेळ दुसऱ्या भाषेत न्यायचा म्हणून महिन्याभरापूर्वी त्यांना बोलावलं होतं.

"हे बघा बाई," मामा म्हणाले, "मी, माझी भाची, माझ्या भाच्याची बायको आणि त्याचा बालमित्र. सगळे घरचे आहोत. बाहेरचं माणूस तुम्ही एकट्याच. किल्ली तुमच्याकडेही आहे."

२

भाषांतरकार बाईंना राग आला की त्यांचा पाय टेबलाखाली हलायला लागे. तो आत्ता जोरात हलत होता.

"मी दुसऱ्याच्या वाक्यातला स्वल्पविराम विचारल्याशिवाय हलवत नाही, मामा. अख्खी खोली कशी हलवीन? संध्याकाळपर्यंत थांबा. ही ओळ कुणाची ते मीच सांगते."

"पोलीस आहात का तुम्ही?"

"नाही. पण महिनाभर तुमच्या घरातला एकेक शब्द चाळतेय. ही ओळ ताईंची नाही, एवढं मला आत्ताच दिसतंय."

त्या आधी ताईकडं गेल्या. ताई खिडकीशी उभी होती. बसत नव्हती, खिडकी उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती.

"ताई, सातव्या खोलीत तुमचं बोलणं काय होतं, ते एकदा म्हणून दाखवाल?"

ताईला ते पाठच होतं. "ये. घाबरू नकोस. ही त्याची रात्र. इथं तो एकटा बसायचा. ऐक, श्वासाची घरघर. अडतोय, पुन्हा सुरू होतोय. आणि हा हुंदका. आपण दाराबाहेर उभे आहोत. आपल्याला उशीर झाला."

"ती घरघर आणि हुंदका तुम्ही बनवून घेतलात?"

"नाही हो. त्यानंच त्या खोलीत ठेवलेला आवाज आहे. म्हणून तर मला खात्री आहे. आतून पोखरला होता तो. कुणाला कळू दिलं नाही." ताईनं पुन्हा खिडकीची कडी काढली. "ताप यायच्या आठवडाभर आधी मी गेले होते त्याच्याकडं. बेल वाजवली. दार उघडलं नाही. जिन्यात उभी राहून फोन करत राहिले, उचलला नाही. मग परत आले. थांबायला हवं होतं, नाही का? तो आत होता. मला माहीत आहे तो आत होता."

भाषांतरकार बाईंनी ताईच्या हातातून खिडकीची कडी सोडवली आणि खिडकी उघडीच ठेवली.

"कुणावर संशय?"

"मामा," ताई हळूच म्हणाली. "त्यांना शेवट फार रडका वाटत होता. विकायला जड जातं म्हणे."

३

मामांनी ते लपवलं नाही. "म्हणालो होतो ना मी! लोक खेळतात ते विरंगुळा म्हणून. त्या काळ्या खोलीत कोण आहे विचाराल, तर मी म्हणेन की खेळणारा स्वतः. त्याला तिथं एकटा सोडा, त्याचा तो काय समजायचं ते समजेल. पण ताईपुढं कोण बोलणार? आणि मला बदल करायचा तर रविवारी चोरून येऊन कशाला करीन? खेळात पैसा माझाच आहे, दिवसाढवळ्या हुकूम सोडीन."

कानसेन आपल्या कोंदट खोलीत बोटांनी टेबल बडवत होता. भाषांतरकार बाईंना पाहून म्हणाला, "या, डिक्शनरीबाई. झडती घ्या."

"काळ्या खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही. दिवे बसवायचे राहिले असतील. माझा दोस्त आळशी होता." तो हसला, पण बोटं थांबली नाहीत. "ताईला सांगू नका. मी म्हटलं, ताई, तू उगाच खोलात जातेस, तर चार दिवस बोलली नाही माझ्याशी. शाळेत असल्यापासून तिचे धपाटे खातोय मी."

"आणि तो आवाज?"

बोटं थांबली.

"आवाज आवाजासारखा आहे," कानसेन म्हणाला. "त्याची शेपूट मी कापली होती. ताईनंच सांगितलं, हुंदक्यावर संपव. काल ज्यानं कुणी गडबड केली, त्यानं ती पुन्हा जोडली."

"मूळ आवाज कुणाकुणाकडं आहे?"

"माझ्याकडं. आणि त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर."

घर म्हणजे वहिनीचं, त्याच्या बायकोचं. ती खेळातल्या भिंती, फरशा, पडदे रंगवत असे. ती फार बोलत नसे, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत तर 'हो' आणि 'बरं' एवढ्यावर आली होती. भाषांतरकार बाई शेजारी जाऊन बसल्या तरी तिनं मान वर केली नाही. पडद्यावर ती एका भिंतीचा एकच कोपरा पुन्हा पुन्हा रंगवत होती, पुसत होती.

"वहिनी, शेवटच्या खोलीत कोण आहे?"

"ताईंनी सांगितलंय की."

"त्यांनी सांगितलं. तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मी एकदा बोलले होते. ताई म्हणाल्या, मी त्याला पाळण्यात असल्यापासून ओळखते, तू चार वर्षांपूर्वी आलीस." तिनं कोपरा पुसला. "तेही खरंच आहे."

"पण एवढ्या रात्री, एवढ्या काळोखात..."

"रात्र नाहीये ती. दुपार आहे," वहिनी म्हणाली, आणि लगेच उठली. "मी पाणी पिऊन येते."

ती गेली ती परत येईना. भाषांतरकार बाईंनी तिच्याच पडद्यावर सातवी खोली उघडली आणि उजेड वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. काळ्याचा करडा झाला. मग खाली, जमिनीलगत, केसाएवढी एक पिवळी रेघ दिसली. पडदे ओढून घेतले होते आणि त्यांच्याखालून बाहेरचं ऊन आत आलं होतं.

इतके दिवस सगळे ज्याला रात्र म्हणत होते, ती भर दुपार होती.

४

जेवणाची वेळ झाली, पण कुणी डबा उघडला नाही. मामा फोनवर कुणाला तरी "सगळं वेळेवर होईल" म्हणत हॉलभर फिरत होते. ताई तिचं जुनं बोलणं परत जोडायला बसली होती आणि वैतागून माऊस आपटत होती.

भाषांतरकार बाई कानाला हेडफोन लावून तो आवाज ऐकत बसल्या. घरघर. थांबली. घरघर. थांबली. मग दाबलेला, घशात अडकलेला तो हुंदका.

त्यांना काहीतरी टोचत होतं. तापानं फणफणलेल्या सासऱ्यांच्या उशाशी त्यांनी रात्री काढल्या होत्या. आजारी माणसाचा श्वास असा शिस्तीत चालत नाही. तो अडखळतो, धावतो, मागं पडतो. हा तर कवायत करत होता.

तेवढ्यात टेबल गुरगुरलं. त्यांच्या मुलीनं फोन केला होता आणि मोबाइल आवाज बंद करून कंपनावर ठेवलेला होता. टेबलाच्या फळीवर तो थरथरत सरकत होता. घरघर. थांबला. घरघर. थांबला.

त्यांनी फोन उचललाच नाही. त्याच्याकडं पाहत राहिल्या.

मग त्यांनी हेडफोन पुन्हा लावला आणि आवाज शेवटपर्यंत, कापलेल्या शेपटीसकट ऐकला. हुंदक्यापुढं उशीत तोंड खुपसल्यासारखा एक आवाज, मग दुसरा, त्याहून बारीक. आणि अगदी शेवटी, झाकण उडावं तसा, नाकातून फुटलेला फुस्कारा.

हुंदका आणि दाबलेलं हसू. डोळे मिटून ऐकलं तर दोन्हींत फरक करता येत नाही. चांगला महिनाभर त्यांनाही तो करता आला नव्हता.

त्या उठणार तोच कानसेन आवाजाच्या खोलीतून बाहेर आला.

"शोध थांबवा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी केलंय ते."

५

ताई उठली. ती त्याला मारणार असं सगळ्यांना वाटलं. पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "तू? त्याच्या जिवाभावाचा तू?"

"हो. मीच. खेळातून माझं नाव काढा." तो खाली बघत होता.

"चला, मिटलं," मामा म्हणाले. "बाई, तुमची माफी मागतो."

"इतक्यात नको," भाषांतरकार बाई म्हणाल्या. "हे खोटं बोलताहेत."

त्या कानसेनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी ज्या भाषेत हा खेळ नेतेय ना, तिथं 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द आहे. 'तू' आणि 'तुम्ही' यांनाही एकच. त्यामुळं प्रत्येक ठिकाणी मला थांबून बघावं लागतं, की हा कोण बोलतोय आणि कुणाशी. कानसेन, तुम्ही ताईंना काय म्हणता?"

"ताई म्हणतो. दुसरं काय?"

"तू की तुम्ही?"

तो टेबलाची कड खरवडू लागला.

"तू म्हणता. सकाळी माझ्यासमोर म्हणालात. मामा भाचीला तू म्हणतात. धाकटा भाऊसुद्धा तूच म्हणत असणार. आणि हा अख्खा खेळ खेळणाऱ्याला तू म्हणतो. ये, घाबरू नकोस, ऐक. मग या एकाच ओळीत 'या' कुठून आलं? 'नंतर या.' ही ओळ खेळणाऱ्याला लिहिलेलीच नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या एका माणसाला लिहिलीय, आणि लिहिणारा त्या माणसाला मान देतो."

"पण दाराबाहेर कोण आहे?" मामांनी विचारलं.

"तेच त्या आवाजात आहे. ती घरघर श्वासाची नाही. कंपनावर ठेवलेल्या फोनची आहे. कुणीतरी बाहेरून फोन करतंय आणि आत तो गादीवर पडून वाजतोय. कुणी उचलत नाही."

ताईनं कपाळावर हात नेला.

"आता पहिला शब्द. ताईंचं सगळं बोलणं 'आपण'मध्ये आहे. आपण आत जाऊ, आपल्याला उशीर झाला. त्यांच्या लेखी आत तो एकटा आणि बाहेर आपण सगळे. पण इथं 'आम्ही' आहे. म्हणजे आत एकाहून जास्त माणसं आहेत, आणि बाहेरचं माणूस त्यांच्यात नाही. मामा म्हणाले, आत खेळणारा आहे. कानसेन म्हणाले, कुणी नाही. ज्यानं 'आम्ही' लिहिलं, त्याला आत दोघं होते हे माहीत होतं. ती रात्र नव्हती, पडदे ओढलेली दुपार होती, हेही."

ज्यांच्याकडं पाहायचं त्यांच्याकडं न पाहता त्या म्हणाल्या, "या ऑफिसात ताईंना 'तुम्ही' म्हणणाऱ्या दोघीच. एक मी. मी त्या घरात कधी गेले नाही."

वहिनी पाण्याचा ग्लास हातात धरून दारात उभी होती.

"कानसेनभाऊ, तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?" ती म्हणाली.

"मी ती शेपूट कापली होती, वहिनी," कानसेनचा आवाज फुटला. "त्याचं हसणं मी ओळखणार नाही? शाळेत मागच्या बाकावर तो असाच फुसफुसायचा. ओळखलं, आणि तरी कापलं. ताई रडत होती, मला तिला सांगवेना."

६

ताई खुर्चीत बसली. सकाळपासून पहिल्यांदाच बसली होती.

"तुम्ही आत होतात," ती म्हणाली. "दोघं."

"हो."

"मी बेल वाजवत होते."

"हो, ताई." वहिनीनं ग्लास खाली ठेवला. "त्यानं त्या दिवशी नवीन काहीतरी बनवलं होतं. पडदे ओढून भिंतीवर मोठं करून मला दाखवत होता. बेल वाजली. तो म्हणाला, ताई आहे. आत्ता दार उघडलं तर ती याचा अर्थ सांगायला बसेल, आणि मग ते माझं राहणार नाही. आज नको, उद्या बोलावू. मग तुमचा फोन आला. त्यानं तो गादीखाली कोंबला, तर आणखीच घुरघुरायला लागला. मला हसू आवरेना. त्यानं माझ्या तोंडावर उशी धरली आणि स्वतःच फुटला. दुसऱ्या हातानं रेकॉर्डरवर तो आवाज पकडत होता. म्हणाला, खोलीत लावतो. ताई शोधत बसेल."

तिनं खाली ठेवलेला ग्लास उगाच बाजूला सरकवला.

"उद्या बोलावू म्हणाला होता, खरंच. ते राहून गेलं, मग ताप आला."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? तुम्ही दारातून परत गेलात आणि आम्ही आत हसत होतो, हे सांगू? तुमच्या तोंडावर?" वहिनीचा आवाज आता चढला. वर्षभरात तो असा कुणी ऐकला नव्हता. "मी गिळून बसले होते. पण तुम्ही नमुन्याला दिलेला खेळ लोकांनी खेळला, ताई. माझ्या वडिलांनी मला विचारलं, तो एवढा खचला होता तर तुला दिसलं कसं नाही? शेजारीण विचारते. दुकानात एक मुलगी हात धरून म्हणाली, तुम्ही किती सोसलं असेल. मी काही सोसलं नाही! सुखी माणूस होता तो. माझ्याबरोबर सुखी होता. त्याचं मरण मला मान्य करावं लागलं. त्याचं जगणंसुद्धा बदलून घ्यायचं का मी?"

ताई तिच्याकडं पाहत राहिली. तिचा चेहरा आधी रागानं ताठ झाला, मग त्याला काय करावं ते समजेनासं झालं. "मी जिन्यात उभी होते," ती पुटपुटली. "मला वाटत होतं, मी थांबले असते तर तो वाचला असता. वर्षभर मी तेच... आणि हा गाढव उशीत तोंड घालून..."

तिच्या घशातून एक आवाज आला. हुंदका की हसू, हे या वेळी भाषांतरकार बाईंनी ठरवायचा प्रयत्न केला नाही.

मामा खाकरले. "बुधवारचं काय करायचं?"

"बुधवार गेला खड्ड्यात, मामा," ताई म्हणाली. तिनं पदरानं नाक पुसलं आणि शेजारची खुर्ची ओढली. "बस गं. आणखी कुठं चुकलेय मी?"

"असू दे, ताई."

"बस म्हणते ना. पहिल्या खोलीपासून."

वहिनी बसली. ताईनं खेळ सुरू केला आणि स्वतःचा आवाज बंद ठेवला. पहिल्या खोलीत भिंतीवरून पाणी ओघळत होतं.

"इथं मी म्हटलंय, घराची आसवं."

"वरच्या मजल्यावरची टाकी गळायची," वहिनी म्हणाली. "महिनाभर भांडत होता तो त्यांच्याशी."

मामांना ठसका लागला. दुसरी खोली वहिनीला माहीत होती. तिसरीबद्दल ताईचं बरोबर होतं, ती त्यांच्या लहानपणीची माळ्यावरची जागा होती आणि वहिनीनं ती कधी पाहिली नव्हती. तिथं ताई बोलली आणि वहिनीनं ऐकलं. दोघींनी एकमेकींना बरंच सांगितलं, काही ठिकाणी वादही घातला.

पाचवी खोली लहान होती. मधोमध एक शिडी, छताला टेकलेली. छताला दार नव्हतं. शिडीच्या वरच्या पायरीवर एक लाल बादली उपडी ठेवली होती.

"हे काय आहे?" ताईनं विचारलं.

वहिनी पुढं वाकली. बराच वेळ बघत राहिली. "मला माहीत नाही."

"कानसेन?"

त्यानं मान हलवली.

"मी इथं काहीतरी लिहिलं होतं," ताई म्हणाली. "महत्त्वाकांक्षा वगैरे. मलाही माहीत नाही."

तिनं त्या खोलीतलं आपलं बोलणं पुसून टाकलं. मग दोघी त्या बादलीकडं बघत बसल्या, आणि पुढचं दार उघडायची घाई कुणीच केली नाही.